आठ घरं

२८ सप्टेंबर, रविवार

पाचवा डायल आज घरी आला आणि गौरीने तोंड फिरवलं. ती डायलना घड्याळंच म्हणते. “चार होती, त्यात आणखी एक. आणि वेळ एकही सांगत नाही.” लग्नाला एवढी वर्षं झाली, मी आता समजावत बसत नाही.

डायल दिसतो घड्याळासारखा, हे खरं. पण खाली एक बारीक दांडी असते, ती फिरत्या वस्तूला टेकवायची. वस्तू कुठे केसभर जरी उंच-सखल असेल, तरी दांडी दबते आणि काटा हलतो. तबकडीवरच्या दोन रेघांमधल्या जागेला आम्ही घर म्हणतो. एक घर म्हणजे मिलीमीटरचा शंभरावा भाग. कंपनीत एवढी वर्षं मी घरं मोजण्याचाच पगार घेतला. स्वेच्छानिवृत्ती घेतली तेव्हा सगळे विचारत होते, आता काय करणार. वाडीतल्या सुपारीच्या खोलीत लेथ बसवला, हे उत्तर.

आजचा डायल पनवेलच्या भंगारवाल्याकडे मिळाला. इंग्रजी माल, तबकडी जुनी होऊन पिवळी पडलेली, पण काटा असा मऊ फिरतो की बघत राहावं. ह्याची घरं मात्र इंचाची आहेत. ह्याचं एक घर म्हणजे आपली अडीच घरं. माझ्या कामाला तो निरुपयोगी आहे हे मला कळतं. पण भंगाराच्या ढिगात सोडून यायला मन होईना.

१ ऑक्टोबर, बुधवार

खंडेनवमी. सगळी हत्यारं धुऊन-पुसून पूजा केली. लेथला झेंडूचा हार, पाटावर नट-बोल्टचे पाने, मायक्रोमीटर आणि पाचही डायल एका ओळीत. गौरीने प्रत्येकाला हळदकुंकू लावलं. घड्याळं म्हणून नाकं मुरडते, पण पूजा मनापासून करते.

पूजा आटोपत होती तेवढ्यात दत्ता तांडेलाचा फोन आला. रेवसचा. स्वतःची मासेमारीची बोट आहे. म्हणाला, नवा गिअरबॉक्स टाकल्यापासून बोट थरथरते, कोणीतरी सांगितलं सासवण्याला तुम्ही हाय, येऊन बघाल का. इतक्या महिन्यांत पहिलंच बोटीचं काम. मी बोलत होतो आणि गौरी डायल हातात धरून खुणा करत होती, कुठला कुठल्या डबीत. डब्या मी प्लायवूडच्या करून घेतल्यात, सगळ्या एकाच मापाच्या, वर चिकटपट्टीवर माझ्या अक्षरात नावं: लेथ, टेबल, बोट, जुना, इंग्रजी. मी तिला हातानेच सांगितलं, ठेव कुठेही, नंतर बघतो.

दसरा झाल्यावर रेवसला जायचं ठरलं. आज फार बरं वाटतंय.

५ ऑक्टोबर, रविवार

दत्ताची बोट पाहिली. नाव ‘सोनूआई’, त्याच्या आईचं. आई सोनूबाई अजून ठणठणीत आहे आणि धक्क्यावर बसून सगळ्यांवर देखरेख ठेवते. मला वरून खालपर्यंत बघून म्हणाली, “हा कंपनीवाला? बोटीवर चढंल का पन?” चढलो. उतरताना गुडघा धरला, पण ते तिला दिसू दिलं नाही.

दुखणं साधं आहे. इंजिन-गिअरबॉक्समधून येणारा आस आणि पंख्याकडे जाणारा शाफ्ट एका रेषेत नाहीत. दोघं जिथे जोडले जातात, त्या कपलिंगवर डायल लावायचा, शाफ्ट हाताने फिरवायचा, काटा किती घरं हलतो ते बघायचं आणि गिअरबॉक्सखाली पत्र्याच्या पातळ पट्ट्या घालत-काढत तो फरक कमी करत न्यायचा. दहा घरांच्या आत आलं की झालं. नाही आलं तर शाफ्ट आपटत राहतो. तो जिथून बोटीच्या बाहेर जातो तिथल्या ग्लँडमध्ये समुद्र अडवणारी दोरी कोंबलेली असते, ती झिजते, जळते आणि मग पाणी आत येतं. दत्ताला हे मी सविस्तर सांगितलं. तो म्हणाला, “त्या बोटीवर आमी चार जण असतो भाव. सरळ करून द्या, मंग सगळा धक्का तुमच्या दारात आनतो.”

अडचण एकच आहे. गिअरबॉक्सच्या मागच्या खोबणीत मी मावत नाही. केतनला न्यावं लागेल.

केतन हा गौरीचा धाकटा भाऊ. त्यांचं घर उरणकडचं, मूळचे मिठागरवाले. न्हावा शेव्याच्या एका कंटेनर यार्डात हा क्रेन चालवायचा, ते काम गेलं, गणपतीपासून आमच्याकडे आहे. वाईट नाही, पण कुठल्याही गोष्टीत आधी दहा प्रश्न. मला प्रश्नांचा कंटाळा येतो.

१२ ऑक्टोबर, रविवार

काम झालं! आठ घरं!

सकाळी भरती होती, बोट तरंगत होती. असं काम बोट पाण्यातच असताना करायचं असतं, हे मला ठाऊक आहे म्हणून बरं, नाहीतर दत्ता तिला गाळात टेकवूनच काम करायला सांगत होता. केतनला खोबणीत उतरवलं. ‘बोट’ लिहिलेली डबी त्याच्या हातात दिली, म्हटलं डायल काढ, स्टँडला लाव आणि दांडी कपलिंगला टेकव. मी वरून शाफ्ट फिरवणार, तो आत बॅटरीच्या उजेडात बघून आकडा सांगणार. डायल मला दिसत नव्हता, दिसायची गरजही नव्हती.

तर साहेबांनी सुरुवातच केली. “भाऊजी, हा पिवळा हाय.”

म्हटलं, काय पिवळा?

“ह्याचं तोंड.”

मला हसू आलं. “अरे, खंडेनवमीची हळद लागली असेल. पूस फडक्याने आणि आकडा सांग.”

आतून फडकं घासल्याचा आवाज आला. मग म्हणाला, “बत्तीस घरं.”

तिथून सुरुवात. पट्टी घाल, बोल्ट आवळ, फिरव, सांग. एकवीस. सतरा. मध्येच पुन्हा म्हणाला, “भाऊजी, तुम्ही एकदा डोकं घालून बघता का?” मी घामाने निथळत होतो, डिझेलच्या वासाने डोकं उठलं होतं. वर दत्ता आणि सोनूबाई उभे. त्यांच्यासमोर ह्याने मला शिकवावं, हे मला अजिबात आवडलं नाही. मी जरा जोरातच म्हणालो, “तुझं मत नको. आकडा सांग.” त्यानंतर त्याने फक्त आकडेच सांगितले. चौदा. अकरा. आठ.

आठला मी थांबलो. दहापर्यंत चालतं, आठ म्हणजे उत्तमच. धक्क्याशी बांधून इंजिन चालवलं, दत्ताने चहाचा कप गिअरबॉक्सवर ठेवला, चहा हलला नाही. सोनूबाईने मला बांगड्याचं कालवण आणि भाकरी वाढली. येताना मोटरसायकलवर केतन मागे गप्प बसून होता. लागलं असेल त्याला. शिकायचं तर थोडं ऐकून घ्यावं लागतं.

१६ ऑक्टोबर, गुरुवार

धक्क्यावरून आणखी एका बोटीची विचारणा आली. वर्कशॉपला पाटी करून घ्यावी म्हणतो.

जेवताना केतन म्हणाला, दत्ताच्या बोटीला एकदा दुसरा डायल लावून बघूया का, आपल्याकडे पाच हायत. मी विचारलं, कशाला? तो म्हणाला, “असंच. मनाला बरं वाटंल.” माझं डोकंच फिरलं. म्हटलं, माझ्या डायलवर शंका म्हणजे माझ्यावर शंका. बोट धंद्याला लागली, आता मी जाऊन सांगू की पुन्हा बघायचंय? उद्या धक्क्यावर काय बोलतील? गौरीने त्याच्या पानात भात वाढला आणि माझ्याकडे बघितलं. तिचाही चेहरा मला पटला नाही. भावाची बाजू घेणारच ती.

२१ ऑक्टोबर, मंगळवार

लक्ष्मीपूजन. दत्ताचा फोन. आतापर्यंत तो जवळच जाऊन येत होता, उद्या पाडव्याच्या मुहूर्तावर लांबच्या फेरीला निघणार. भाऊबीजेच्या संध्याकाळी परत. इंजिन एकदम गुळगुळीत चालतंय म्हणाला.

आणि केतनही बरोबर जाणार म्हणे! एक खलाशी दिवाळीला गावी गेलाय, त्याच्या जागी. मी विचारलं, तुला काय कळतं मासेमारीतलं? म्हणाला, जाळी ओढायला काय लागतं. वाडीच्या कुंपणाला रंग द्यायचं काम मी त्याला सांगितलं होतं, ते चुकवायला समुद्रावर निघाला, दुसरं काय. शिवाय पिशवीत माझे दोन पाने आणि अलिबागहून आणलेलं ग्लँडच्या दोरीचं भेंडोळं. म्हटलं, हे कशाला? “असू द्या. दत्ताकडे जुनी हाय.” गौरीने त्याला बजावलं, भाऊबीजेला ये हं, मी जेवायची थांबेन.

२२ ऑक्टोबर, बुधवार

पाडवा. पहाटे त्याला रेवसला सोडलं. बोटीला आंब्याचे टहाळे बांधले होते, इंजिनला नारळ फोडला. निघताना केतनने मला विचारलं, “भाऊजी, आठ घरं म्हणजे आठच ना?”

म्हटलं, मग काय साडेआठ?

तो हसला आणि चढला.

गौरीने आज मला पाडव्याचं ओवाळलं. तिला साडी आणली होती, ती आवडली. दिवस चांगला गेला.

२३ ऑक्टोबर, गुरुवार

सकाळपासून ही वही टाळत होतो. तरी लिहितो, कारण दुसऱ्या कोणाशी बोलू शकत नाही.

सकाळी दुसऱ्या बोटीची तयारी म्हणून ‘बोट’ची डबी उघडली. आत पिवळा डायल. भंगारातला. इंचाचा.

आधी वाटलं, केतनने परत ठेवताना घोळ केला. मग ‘इंग्रजी’ची डबी उघडली. त्यात माझा नेहमीचा डायल, पांढरा, काचेवर कुंकवाचा ठिपका तसाच सुकलेला. खंडेनवमीपासून तो कोणी हलवलाच नव्हता. म्हणजे त्या दिवशी बोटीत पिवळाच लागला होता. आठ घरं म्हणजे माझी आठ नाहीत, वीस. त्याहून थोडी जास्तच. दहापर्यंत चालतं आणि मी वीसला थांबून कालवण-भाकरी खाल्ली.

मग मी जे केलं ते मलाच समजत नाही. फोन उचलायचा सोडून मी ग्रॅनाइटचा पाट पुसला, मापाचे ठोकळे काढले आणि पाचही डायल एकेक करून तपासत बसलो. एखादा चुकीचं दाखवत असेल, पिवळ्याचा काटा ढिला असेल, बत्तीस म्हणजे बत्तीस नसतीलच. दुपारपर्यंत तपासले. पाचही बरोबर आहेत. ह्यांच्यात एकही खोटा नाही.

धक्क्याशी बांधलेल्या बोटीत काही कळत नाही. जवळच्या फेरीत जोर लावावा लागत नाही. पण जाळी भरून, वाऱ्याच्या तोंडावर पूर्ण जोराने इंजिन चाललं की वीस घरं आपला हिशोब मागतात. दत्ताचा फोन लागत नाही, केतनचा लागत नाही. ते रेंजच्या बाहेर असणार हे मला आधीच ठाऊक होतं.

गौरीने पाट मांडलाय, ताम्हणात निरांजन, सुपारी, करंज्या. दर थोड्या वेळाने फाटकापर्यंत जाऊन येते. दुपारपासून वारा वाढलाय, नारळीच्या झावळ्या कौलांवर आपटतायत. टीव्हीवर म्हणतायत, अरबी समुद्रात कमी दाबाचा पट्टा, मच्छीमारांनी परत फिरावं. गौरी म्हणाली, येतील संध्याकाळपर्यंत, दत्ता जुना माणूस आहे. मी हो म्हटलं.

संध्याकाळ झाली. आले नाहीत. ती जेवली नाही. मी तिच्यासमोर बसून जेवलो, कारण न जेवण्याचं कारण सांगावं लागलं असतं.

२४ ऑक्टोबर, शुक्रवार

सकाळीच दोघं रेवसला गेलो. बाकीच्या बोटी परतल्यात, एकीला एक बांधून ठेवल्यात. ‘सोनूआई’ नाही. सोनूबाई नेहमीच्या जागेवर बसली होती, डोक्यावर प्लास्टिकचा कागद घेऊन. मला बघून उलट तिनेच धीर दिला. “तुमी इंजिन सरळ केलंय ना, मंग काय भ्याव न्हाय.” मला तिथे उभं राहवेना.

सोसायटीच्या खोलीत वायरलेस आहे. तिथल्या माणसाला सांगितलं, ‘सोनूआई’ला निरोप द्या, इंजिन हळू चालवा, मागची ग्लँड गरम होतेय का बघा. त्याने हाका मारल्या. नुसती खरखर. आलेल्या एका बोटीवाल्याने सांगितलं, काल दुपारी लांब दिसली होती, उभीच होती, वाटलं जाळं टाकलंय.

बाहेर आल्यावर गौरीने विचारलं, “ग्लँड गरम होईल हे तुम्हाला कसं ठाऊक?”

म्हटलं, अंदाज.

ती माझ्याकडे बघत राहिली. मग म्हणाली, “खंडेनवमीला कुठलं घड्याळ कुठल्या डबीत, हे मी तुम्हाला पुन्हा विचारायला हवं होतं का?” मला वाटतं तिला कळलंय. का नुसतंच विचारलं? पुढे होऊन चहा आणला. तिने घेतला नाही.

तटरक्षक दलाला सोसायटीने कळवलंय. घरी येऊन मी सुपारीच्या खोलीत गेलो आणि लगेच बाहेर आलो. पाच डब्या एका फळीवर. त्या हातात घेण्याची मला भीती वाटते. केतनला काही झालं तर मी ह्या घरात कसा राहणार?

२५ ऑक्टोबर, शनिवार

आले. चौघंही आले. दुपारी रेवसच्या दिशेने येताना दिसले, इतके हळू की चालत्या माणसाने मागे टाकावं. सोनूबाई उठून उभी राहिली आणि मग खालीच बसली. गौरीने माझा दंड धरला होता, तिथे अजून दुखतंय.

जे घडलं ते दत्ताने धक्क्यावर सगळ्यांना सांगितलं. भाऊबीजेच्या दिवशी परत फिरताना वारा समोरून. पूर्ण जोर लावला आणि मागून थडथड सुरू झाली. बाकीचे म्हणाले लाट असेल. केतन मात्र निघाल्यापासून मागच्या झाकणापाशीच बसून होता, जेवायलासुद्धा तिथून हलला नव्हता. त्याने झाकण उघडलं तर दोरी जळतेय, पाणी धारेने आत. त्याने इंजिन बंद करायला लावलं. तापलेला नट हातानेच सोडवला, नवी दोरी कोंबली. दोघं बादल्यांनी पाणी उपसत होते. रात्रभर नांगरावर, मग थोडं थोडं चालवत, थांबत, थंड करत. त्याच्या दोन्ही तळव्यांना फडकी गुंडाळली होती.

मी पुढे झालो. बोलायचं ठरवून झालो होतो, हे देवाशपथ खरं. तोंड उघडणार तोच दत्ताने माझ्या खांद्यावर हात ठेवला. “भाव, तुमी मनाला लावून घेऊ नका. केतननी सगळं सांगितलं आमाला. आकडा त्यानीच चुकीचा बोलला तुमाला. अंधारात दिसला न्हाय. पोरगा हाय, चुकतो. पन निस्तरलं पन त्यानीच.”

मी केतनकडे बघितलं. तो खाली बघून चप्पल शोधत होता.

आजूबाजूला माणसं. कोणीतरी म्हणालं, हाताखालचा माणूस नीट नसला की मास्तरचं नाव जातं. आणि मी गप्प राहिलो. लिहायला लाज वाटते, पण असंच झालं. मी मान हलवली. ती कशाला हलवली, हे ज्याचं त्याने ठरवावं अशी हलवली.

घरी गौरीने त्याला पाटावर बसवलं आणि दोन दिवस उशिरा ओवाळलं. त्याला हातात सुपारी धरता येईना, तिने मांडीवर ठेवली. ती रडत होती, तो म्हणत होता, अगं ताई, करंजी भरव आधी. मी दारात उभा होतो. मला आत जावंसं वाटलं नाही.

२६ ऑक्टोबर, रविवार

सकाळी केतन ओसरीवर एकटा बसला होता. मी शेजारी जाऊन बसलो. पिवळा डायल त्याच्यासमोर ठेवला. तो म्हणाला, “हाच.”

“तू मला सांगितलं होतंस, पिवळा आहे म्हणून.”

“व्हय.”

“मी हळद म्हटलं.”

“पुसली मी. फडकं वलं करून पुसली. निघाली न्हाय.”

माझ्या तोंडून निघून गेलं, “मग सांगायचंस ना मला!”

तो पहिल्यांदाच माझ्याकडे सरळ बघत बोलला. “सांगत व्हतो भाऊजी. तुम्ही बोललात, मत नको, आकडा सांग. मंग आकडे सांगितले.”

मी डायल उचलून कापडात गुंडाळला. मग विचारलं, बोटीवर स्वतःवर का घेतलंस? तो म्हणाला, “माझं नाव तसं पण कुठे चाललंय? काम गेलं, बहिणीकडे राहतंय. तुमचं आता कुठे सुरू झालंय. आणि ताई हाय ना इथे.”

हा माणूस माझं कुंपण रंगवायचं टाळतोय म्हणून मी लक्ष्मीपूजनाच्या दिवशी चिडलो होतो.

गौरी मागे कधी येऊन उभी राहिली होती मला कळलं नाही. मी तिला सगळं सांगितलं, डबी, इंच, वीस घरं, गुरुवारी कळलं तेही. मला वाटलं ती ओरडेल. ती ओरडली नाही. एवढ्या वर्षांत ती माझ्याशी माहेरच्या भाषेत कधी बोलली नव्हती, आज बोलली. “गुरुवारी? गुरुवारी कललं तुमाला, आनि माज्यासमोर बसून जेवलात? माजा भाव व्हता तो त्या बोटीवर.” एवढं बोलून आत गेली. दार लोटलं नाही, आपटलं नाही. तसंच उघडं ठेवून गेली, आणि मला आत पाऊल टाकता येईना.

दुपारी मी रेवसला गेलो. केतन नको म्हणत होता, त्याचं ऐकलं नाही. दत्ताच्या घरी त्याचे तिन्ही खलाशी होते, गावाहून परतलेलाही. जाळं शिवत बसले होते. मी उभ्यानेच सांगितलं. आकडा बरोबर होता. डायल चुकीचा होता आणि तो माझा होता. केतनने दोनदा टोकलं, मी त्याला गप्प केलं. आणि काल धक्क्यावर मी बोललो नाही, कारण मला माझ्या नावाची काळजी वाटली.

दत्ताने सुई खाली ठेवली. “भाव, माझी आय दोन दिवस धक्क्यावर बसून तुमचं नाव घेत व्हती. देवाचं घ्यावं तसं.”

सोनूबाई कोपऱ्यात होती. तिने मला बस म्हटलं नाही. चहाही विचारला नाही. मी निघालो तेव्हा मागून म्हणाली, “त्या पोराला हाताला एरंडेल लाव म्हना.”

३० ऑक्टोबर, गुरुवार

गौरी कामापुरतं बोलते. दुसऱ्या बोटीवाल्याने फोन करून सांगितलं, तूर्त राहू द्या. त्याचं बरोबर आहे.

संध्याकाळी दत्ताचा फोन आला. मला नाही, केतनला. बोट सरळ करून पाहिजे, तू ये. केतनने विचारलं, भाऊजी येऊ देत का? तिकडून काय उत्तर आलं ते मला ऐकू आलं नाही. मग केतन फोन खाली ठेवून म्हणाला, “शाफ्ट फिरवायला माणूस लागंलच, बोललाय.”

२ नोव्हेंबर, रविवार

भरतीला रेवसला पोचलो. डब्या घेतल्या नाहीत, डायल कापडात गुंडाळून सगळे घेतले. केतनने एकेक उघडून उजेडात धरला, तबकडीवरचे आकडे वाचले आणि पांढरा निवडला. मला विचारलं नाही. हाताच्या पट्ट्या अजून आहेत, त्यावर गौरीने जुन्या साडीचं कापड बांधून दिलंय. तो खोबणीत उतरला. मी वर शाफ्टपाशी बसलो.

“फिरवा.”

फिरवला. आकडा विचारायला जीभ वळवळत होती. दाबून धरली.

“वीस,” तो म्हणाला. मग, “एकवीसच्या जवळ.”

दत्ता वर उभा होता. सोनूबाई धक्क्यावर. वीस हा आकडा आज सगळ्यांच्या कानांनी ऐकला. मी पट्टी घातली, बोल्ट आवळला, फिरवला. पंधरा. पुन्हा. अकरा. पुन्हा. उन्हं वर आली, शर्ट अंगाला चिकटला. नऊ.

नऊ म्हणजे दहाच्या आत. पूर्वी मी इथे पाना पुसला असता. दत्ताने माझ्याकडे बघितलं, झालं का म्हणून. मी खोबणीत वाकून विचारलं, “केतन, तुझं मत काय?”

आत बॅटरीचा उजेड कपलिंगवरून पुन्हा एकदा फिरला.

“मना अजून बरं वाटत न्हाय,” तो म्हणाला. “परत खोलूया.”

मी बोल्ट सोडवायला घेतले.